आठ जण, दोन बोटी, चार ट्रेन: हेलसिंकी ते बर्गन, सगळ्यांना घेऊन

आठ जणांत युरोपची ट्रिप ठरवायला बसलं की प्रत्येकाच्या डोक्यात वेगळाच युरोप असतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला मोठ्ठी बोट हवी होती, मैत्रिणीच्या चौदा वर्षांच्या मुलाला वायफाय, तिच्या पाच वर्षांच्या धाकट्याला काहीच माहीत नव्हतं, नवरे मंडळींना "कमी खर्चात बसवा" आणि काकूंना, म्हणजे मैत्रिणीच्या आईला, वय एकाहत्तर, एकच अट होती, "अगं सारखी बसमधून चढ-उतर नको आणि बाथरूम हाताशी हवं." खरं सांगते, आमचा अख्खा रूट या एका अटीवर ठरला. ट्रेनमध्ये बाथरूम असतं, बोटीवर तर केबिनमध्येच असतं, बारा दिवस टूरच्या बसमध्ये बसलं की ते कुठे मिळेल ते ड्रायव्हरच्या हातात.

रूट असा: फिनलंडमध्ये हेलसिंकीत उतरायचं, तिथून रात्रीच्या बोटीने स्वीडनमधलं स्टॉकहोम, स्टॉकहोमहून ट्रेनने नॉर्वेतलं ऑस्लो, ऑस्लोहून डोंगरातल्या ट्रेनने म्यूर्डाल, तिथून छोट्या ट्रेनने खाली फ्लॉम, फ्लॉमहून फ्योर्डातली, म्हणजे डोंगरांमधे शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीतली बोट, मग थोडी बस, पुन्हा ट्रेन आणि बर्गन. पूर्वेकडून पश्चिमेकडे सरळ रेघ, कुठेही मागे यायचं नाही. याच दिशेने करण्याचं अजून एक कारण म्हणजे फिनलंडचं घड्याळ स्वीडनच्या एक तास पुढे असतं, त्यामुळे बोटीवर झोपायला एक तास जास्त मिळतो.

दिवस आणि महिना

हेलसिंकी २ रात्री, बोट १, स्टॉकहोम ३, ऑस्लो २, फ्लॉम १, बर्गन २. अकरा रात्री झाल्या. यात अजून एखादं शहर घुसवायचा मोह होतो, आमच्याकडेही "कोपनहेगन तर जवळच आहे की" असं निघालंच होतं, पण मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असताना दर दोन दिवसांनी बॅगा भरणं म्हणजे ट्रिप नाही, बदली झाली.

जून ते ऑगस्ट हा काळ चांगला, फक्त जूनमधला एक आठवडा चुकवा. १९ ते २५ जूनच्या मधे जो शुक्रवार येतो त्या दिवशी स्वीडन आणि फिनलंडमध्ये मिडसमरचा सण असतो, तिकडची दिवाळीच म्हणा ना, अर्धं शहर गावाला जातं, दुकानं आणि म्युझियम बंद नाहीतर अर्ध्या वेळेला. जूनमध्ये हेलसिंकीत सूर्य जवळजवळ अकराला मावळतो आणि पहाटे चारच्या आसपास परत हजर, त्यामुळे डोळ्यावर बांधायची पट्टी प्रत्येकाने घ्या, आमच्या धाकट्याला रात्री साडेदहाला "अजून दुपार आहे" हे पटवून देण्यात बापाचे दोन दिवस गेले, म्हणजे दुपार नाहीये हे पटवून देण्यात.

विसा

फिनलंड, स्वीडन, नॉर्वे तिन्ही शेंगेनमध्ये आहेत, त्यामुळे एकच विसा. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि उगाच घाबरतात. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा तर जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे, दिवस सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार त्याच्याकडे. वरच्या प्लॅनमध्ये नॉर्वेच्या पाच रात्री होतात म्हणजे नॉर्वे. कोणी स्टॉकहोमला बहिणीकडे दोन दिवस जास्त राहणार असेल तर त्याचं गणित बदलेल, त्यामुळे ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या रात्री वेगळ्या मोजा.

मोठ्यांची फी ९० युरो, ६ वर्षं पूर्ण झालेल्या पण १२ च्या आतल्या मुलांची ४५, सहाच्या खालच्यांना माफ, वर विसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज. ट्रॅव्हल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा लागतो. अर्ज निघायच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण पंधरा दिवसांवर कोणी जाऊ नका, उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. फॉर्म प्रत्येकाचा स्वतंत्र, बँक स्टेटमेंट ज्याचं त्याचं किंवा जो खर्च करतोय त्याचं आणि कव्हर लेटरमध्ये "आम्ही दोन कुटुंबं मिळून आठ जण जातोय" असं स्पष्ट लिहून सगळ्यांना तोच दिवसवार प्लॅन जोडा. काकूंचा खर्च मैत्रीण करत होती म्हणून तिचं स्पॉन्सर लेटर आणि नात्याचा पुरावा लावला.

आणि आता युरोपात शिरताना पासपोर्टवर शिक्का मारायच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी सिस्टीम आली आहे, ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. बाराच्या खालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो घेतात. त्यामुळे विमानतळावर वेळ धरून चाला, उतरल्यावर दोन तासांत बोट पकडायची असला शहाणपणा नको.

बुकिंग कुठल्या क्रमाने

इथे बहुतेक लोक उलटं करतात, आधी स्वस्त दिसलं ते घेतात आणि मग बाकीचं त्याला जुळवत बसतात. आमचा क्रम असा होता. पहिलं विमान, जाताना हेलसिंकी आणि येताना बर्गन, याला मल्टी-सिटी म्हणून शोधा, रिटर्न तिकिटाच्या मोहात परत हेलसिंकीला यायला लागलं तर वाचलेले पैसे तिथेच जातात. दुसरं फ्लॉममधली खोली, कारण ते एवढंसं गाव आहे, हॉटेलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तिसरं बोटीच्या केबिन. चौथी बाकीची हॉटेलं, फ्री कॅन्सलेशनवाली. विसा हातात आला की मग ट्रेनची तिकिटं, कारण स्वस्त तिकिटं परत होत नाहीत. तिकडच्या लांब पल्ल्याच्या ट्रेनची विक्री साधारण तीन महिने आधी उघडते, कधी अजून आधी, आणि विमानासारखंच आहे, जसे दिवस जवळ येतील तशी तिकिटं महागतात.

युरेल पास, म्हणजे युरोपभरच्या ट्रेनना चालणारा एकच पास, घ्यायचा का हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पास भारतातून येणाऱ्याला मिळतो, ४ ते ११ वर्षांची मुलं मोठ्यांबरोबर फुकट (एका मोठ्यामागे दोन), साठीच्या पुढच्यांना दहा टक्के सवलत, ऐकायला छान आहे. पण या रूटवर मोठे ट्रेनप्रवास दोनच आहेत, फ्लॉमच्या ट्रेनला पास चालत नाही, फक्त ३० टक्के सूट मिळते, आणि मोठ्या ट्रेनना सीट रिझर्वेशनचे पैसे पासवर वेगळे पडतातच. आम्ही कागदावर हिशोब केला आणि सुटी तिकिटं घेतली. तुम्ही रोज एक शहर बदलत पाच-सहा देश करणार असाल तर पास वसूल होतो, अकरा रात्रीत दोन ट्रेनसाठी नाही.

सामान

नियम एकच, ज्याची बॅग त्याने स्वतः उचलून ट्रेनच्या रॅकवर ठेवता आली पाहिजे. केबिन साइजची एक ट्रॉली आणि पाठीवर एक सॅक, बस. आमच्याकडे मैत्रिणीच्या नवऱ्याने शेवटच्या क्षणी एक अठ्ठावीस इंची बॅग आणली, "कॉमन सामान" म्हणून, आणि त्या कॉमन बॅगेला हेलसिंकीच्या दगडी रस्त्यांवर कोणी वाली नव्हता. ऑस्लोला तिचं एक चाक गेलं. छोट्या स्टेशनांवर गाडी एक-दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात आठ माणसं आणि आठ डाग उतरवायचे असतात, त्यामुळे आम्ही ठरवून ठेवलं होतं: पहिला एक मोठा उतरणार, मग मुलं आणि काकू, मग आतून बॅगा देणार, शेवटचा माणूस सीटा बघून उतरणार.

खाण्याचं: मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, खाकरे, इन्स्टंट उपमा-पोह्याची पाकिटं भरपूर घ्या. पण पेढे-बर्फी, खवा, पनीर असलं दुधाचं आणि कुठलंही मांसाचं नेऊ नका, बाहेरच्या देशातून ते युरोपियन युनियनमध्ये आणायला बंदी आहे. काकूंचे कंदी पेढे पुणे एअरपोर्टवरच आम्ही आठ जणांनी संपवले.

हेलसिंकी आणि रात्रीची बोट

विमानतळावरून शहरात ट्रेन अर्ध्या तासात येते. दोन दिवसांत एक गोष्ट नक्की करा, सुओमेनलिन्ना. बेटांवरचा जुना सागरी किल्ला, १७४८ मध्ये स्वीडिश लोकांनी बांधायला घेतला, १९९१ पासून युनेस्कोच्या यादीत. मार्केट चौकातून फेरी सुटते, पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि ट्राम-बसचा दिवसाचा पासच त्या फेरीला चालतो, वेगळं टूरिस्ट बोटीचं तिकीट काढायची गरज नाही. आपल्या सिंधुदुर्गासारखा उंच तटबंदीचा किल्ला डोळ्यासमोर ठेवून जाऊ नका, हा बसका आहे, गवताने झाकलेला, लोक डबे घेऊन येऊन बसतात, आम्हीही बसलो.

स्टॉकहोमला दोन मोठ्या कंपन्यांच्या बोटी जातात, वायकिंग लाइन कातायानोक्का धक्क्यावरून आणि टॅलिंक सिल्या ऑलिम्पिया टर्मिनलवरून. दोन्ही टर्मिनल शहरातच आहेत पण बंदराच्या दोन बाजूंना, त्यामुळे तिकिटावर कुठलं आहे ते वाचा. बोट संध्याकाळी पाचच्या सुमारास निघते, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आसपास पोचते. हॉटेलचं चेकआउट आणि बोट यांच्यामधे चार-पाच तास असतात, बॅगा हॉटेलमध्येच ठेवून फिरा. टर्मिनलवर एक तास आधी पोचा, पासपोर्ट सगळ्यांचे हातात.

केबिन निवडताना तीन गोष्टी बघा. एक, चार बंकची केबिन घेतली तर माणशी खूप स्वस्त पडते, आठ जणांना दोन केबिन पुरल्या. दोन, वरचे बंक शिडीने चढायचे असतात, म्हणजे काकूंच्या केबिनमध्ये दोन तरी चपळ माणसं हवीत, खालचे बंक दोनच. तीन, सगळ्यात स्वस्त केबिन गाड्यांच्या डेकच्या खाली असतात, झोपायला ठीक आहे पण ज्याला बंद जागेत घुसमटतं त्याने घेऊ नये. खिडकीची केबिन छान वाटते पण थोडे जास्त पैसे देऊन खिडकीतून बघण्यापेक्षा सगळं वरच्या उघड्या डेकवरूनच बघावं असं माझं मत. दोन्ही केबिन एकाच डेकवर शेजारी हव्यात असं बुकिंग करतानाच लिहा. आम्ही लिहिलं नाही, त्या तीन मजले लांब मिळाल्या आणि चौदा वर्षांचा मुलगा रात्रभर निरोप्या झाला.

शुक्रवार-शनिवारची बोट टाळा. वीकेंडला तिकडची मंडळी बोटीवर पार्टी करायलाच येतात, कॉरिडॉरमधे पहाटेपर्यंत गाणी. याचं मूळ कारण मजेशीर आहे, ही बोट रात्री मधेच ऑलंड बेटांवर मारियेहाम्नला थोडा वेळ थांबते, ती बेटं फिनलंडची असली तरी युरोपच्या कर-व्यवस्थेच्या बाहेर आहेत, त्यामुळे तिथे टेकलेल्या बोटीला टॅक्स-फ्री दुकान चालवता येतं. दारू तिकडे भयंकर महाग, म्हणून लोक बोटीवर घेतात. रविवार ते बुधवार बोट शांत असते आणि केबिनही स्वस्त.

निघताना सगळ्यांना वरच्या डेकवर न्या, जॅकेट घालून, वारा जबरदस्त असतो. सुरुवातीलाच बोट सुओमेनलिन्नाच्या चिंचोळ्या खिंडीतून जाते, किल्ल्यावर बसलेली माणसं हात करतात, एवढी मोठी इमारतीसारखी बोट एवढ्याशा फटीतून जाते हे बघून काकू म्हणाल्या, "घासेल गं." नाही घासली.

जेवण: बुफे आधी बुक केला तर स्वस्त पडतो, पण सगळा मासे-मटणाचा, शाकाहारी माणसाला बटाटे, सॅलड, ब्रेड आणि गोड पदार्थ. काकूंसाठी पैसे वाया. मासे खाणाऱ्यांनी जरूर घ्या, हेरिंगचेच पाच-सहा प्रकार होते. बाकीच्यांनी हेलसिंकीच्या सुपरमार्केटमधून ब्रेड-फळं-दही घेऊन चढावं. फोन केबिनमध्ये शिरतानाच एअरप्लेन मोडवर टाका, समुद्रात बोटीचं स्वतःचं सॅटेलाइट नेटवर्क फोन पकडतो आणि त्याचं बिल डोळे पांढरे करतं, बोटीचं वायफाय वापरा.

सकाळची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. लवकर उठा. स्टॉकहोमच्या आधीचे तीनएक तास बोट हजारो बेटांच्या मधून जाते, सगळी मिळून तीस हजारांच्या आसपास बेटं आहेत म्हणतात, काहींवर एकच लाल लाकडी घर, एक धक्का, एक होडी. या एका दृश्यासाठी मी हा रूट पुन्हा करेन. आणि एक घोळ होऊ देऊ नका: फोन वायफायवर आला की स्वीडनची वेळ दाखवायला लागतो, पण आमच्या बोटीवर सगळं फिनलंडच्या वेळेने चालत होतं. आम्ही फोन बघून निवांत नाश्त्याला गेलो तर टेबलं पुसणं चालू होतं. भिंतीवरचं घड्याळ बघा.

स्टॉकहोम

इथे फार लिहीत नाही. शहरच बेटांवर आहे, युरगॉर्डन बेटावर जाणारी छोटी फेरी मेट्रोच्या तिकिटात येते, मुलांना त्यातच बसवा. वासा म्युझियम चुकवू नका, १६२८ मध्ये पहिल्याच सफरीला बंदरातच बुडालेलं युद्धजहाज, १९६१ मध्ये वर काढलं, जवळजवळ अख्खं आहे, अठराच्या खालच्यांना फुकट. रोख पैसे नेऊच नका, बऱ्याच दुकानांत घेत नाहीत. या ट्रिपमध्ये तीन चलनं आहेत, युरो, स्वीडिश क्रोना, नॉर्वेजियन क्रोनं, त्यामुळे कमी मार्कअपचं (परदेशी चलनावर बँक लावते तो जादा आकार) एक कार्ड आणि एक बॅकअप कार्ड दुसऱ्याच्या पाकिटात. मशीनने "रुपयांत घेऊ का" विचारलं तर नेहमी तिथल्या चलनात म्हणायचं.

स्टॉकहोम ते ऑस्लो

थेट ट्रेन साधारण साडेपाच-सहा तास. उन्हाळ्यात रुळांची कामं निघतात आणि मधला तुकडा बसने करावा लागू शकतो, म्हणून बुकिंग करताना "बस" शब्द दिसतोय का बघा आणि आदल्या दिवशी परत एकदा बघा. त्याच दिवशी ऑस्लोहून पुढचं काही बुक करू नका. सीमेवर शिक्का वगैरे नाही पण पासपोर्ट जवळ हवा. चार-चार समोरासमोरच्या टेबलाच्या सीट मागितल्या तर पत्ते निघतात, वेळ जातो.

ऑस्लोत एक दुपार ऑपेरा हाउसच्या उतरत्या छपरावर आणि एक दुपार हॉवेदओया बेटावर, तिथेही शहराच्या साध्या तिकिटावर फेरी जाते, मठाचे जुने अवशेष आहेत आणि पोहायला जागा.

ऑस्लो, म्यूर्डाल, फ्लॉम

बर्गन लाइन, म्हणजे ऑस्लो ते बर्गन हा रेल्वेमार्ग, १९०९ मध्ये पूर्ण झाली. ऑस्लोहून सकाळची गाडी घ्या, डावीकडच्या सीट. पहिले दोन-तीन तास जंगल आणि नद्या, मग झाडं संपतात आणि फिन्सेला गाडी १,२२२ मीटरवर असते, नॉर्वेतलं सगळ्यात उंच स्टेशन, जूनमध्येसुद्धा दोन्ही बाजूंना बर्फ. आमच्या घाटातल्या बोगद्यांची सवय असलेल्या मुलांनी बोगदे मोजायला घेतले आणि साठानंतर सोडून दिले. या गाडीत फॅमिली डबा असतो, मुलांना खेळायला कोपरा, लहान मूल असेल तर त्यातलीच सीट निवडा, नसेल तर त्या डब्यापासून लांब बसा.

म्यूर्डालला उतरायचं, तिथे गाव नाहीच, फक्त स्टेशन. फ्लॉमची गाडी शेजारी उभी असते. वीस किलोमीटरमध्ये ८६६ मीटरवरून थेट समुद्रकाठी, सगळ्यात तीव्र भागात दर अठरा मीटरला एक मीटर उतार, वीस बोगदे, तासाभराचा प्रवास. मधे क्योसफॉसेन धबधब्यापाशी पाच मिनिटं सगळ्यांना उतरवतात, उन्हाळ्यात तिथे लाल कपड्यातली एक बाई खडकावर गाण्यावर नाचते, लोककथेतली हुलड्रा. काकू म्हणाल्या, "पावसात भिजून बाई आजारी पडेल." प्लॅटफॉर्म ओला असतो, चपला नकोत.

ऑस्लो ते बर्गन हे सगळं एका दिवसात करणारे खूप आहेत, "नॉर्वे इन अ नटशेल" नावाने पॅकेज मिळतं, तिकिटं तीच असतात, आपण सुटी पण घेऊ शकतो. पण एका दिवसात केलं तर बारा तासांच्या वर जातं आणि चार वेळा गाडी बदलायची. म्हातारं माणूस, लहान मूल असेल तर फ्लॉमला एक रात्र राहाच. संध्याकाळी क्रूझचे लोक निघून गेले की गाव रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी फ्लॉम ते गुडवांगेन बोट, दोन तास. ती बॅटरीवर चालते, इंजिनाचा आवाज नाही, धबधब्यांचा तेवढा येतो. वाटेतला नॅरॉयफ्योर्ड सगळ्यात अरुंद जागी २५० मीटर आहे, २००५ पासून युनेस्कोच्या यादीत. आत गरम हॉल आणि बाथरूम दोन्ही आहे, काकू दोन तासांपैकी दीड तास बाहेरच होत्या ती गोष्ट वेगळी. गुडवांगेनहून व्हॉस बसने तासभर, तिथून बर्गन ट्रेनने सव्वा तास. बोट, बस आणि ट्रेन यांच्या वेळा जुळवून घ्या, पण मधे अर्धा तास तरी ठेवा. बस नकोच असेल तर उन्हाळ्यात फ्लॉमहून बर्गनला थेट स्पीडबोट आहे, सोग्नेफ्योर्डमधून साडेपाच तास, सीटवर बसूनच जायचं.

बर्गन

वर्षभराचा पाऊस साधारण मुंबईइतकाच, फक्त मुंबईचा चार महिन्यांत उरकतो आणि यांचा बारा महिने पुरवून पुरवून पडतो. छत्री वाऱ्याने उलटते, रेनकोटच हवा. ब्रिग्गेनची जुनी लाकडी घरं, फ्लोयबानेन या रुळांवरून चढणाऱ्या गाडीने डोंगरावर, मासळी बाजारात एकदा चक्कर (बघायला, जेवायला भाव बघून ठरवा). किराणा रेमा हजार किंवा किवीमधून.

विमानतळावर जायला टॅक्सी करू नका, शहरातून थेट ट्राम जाते, पाऊण तास लागतो, आठ जणांच्या दोन टॅक्सीच्या भाड्याच्या मानाने काहीच नाही. ट्राम गच्च असेल तर शेवटच्या दाराशी उभे राहा, तिथे बॅगा ठेवायला जागा होते. आमची ती एका चाकाची कॉमन बॅगसुद्धा तिथे मावली.